आठवून सांगतो

जूनमधल्या एका सोमवारी सकाळी मला ऑफिसात एक साधा प्रश्न विचारण्यात आला आणि मी म्हणालो, "आठवून सांगतो." मला सगळं आठवत होतं. तारीख, वार, कुणाच्या खुर्चीत बसलो होतो ते, त्या खुर्चीचं एक चाक अडत होतं तेसुद्धा.

मी आमच्या बेटावरच्या स्लिमा शहरातल्या एका ऑनलाइन कॅसिनोत खेळाडू-संरक्षण विभागाचा प्रमुख होतो. आमच्या रस्त्यावर पूर्वी तीन मासळीवाले होते, आता तीन कॅसिनो आहेत, आणि एकातही पत्त्यांचं टेबल नाही. आत संगणक असतात, कुंड्या असतात, आणि शुक्रवारी फुकट फळं. आमच्या कंपनीचं चिन्ह एक हसरं कासव. अठरा वर्षांखालच्या कुणालाही त्या कासवापर्यंत पोहोचू न देणं, हे माझं काम. त्यासाठी मला पगार होता, चार माणसं होती, आणि बार्सिलोनातल्या एका परिषदेत मिळालेलं काचेचं स्मृतिचिन्ह होतं. परिषदेचा विषय होता, 'जबाबदारी कुणाची?' दोन दिवस चर्चा झाली. उत्तर मिळालं नाही, पण जेवण उत्तम होतं.

त्या चार माणसांतली एक तियाना. सर्बियातल्या नीश गावची, तिशीतली. तिचा इथे राहायचा परवाना नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की परवाना जातो, आणि परवाना गेला की थोड्याच दिवसांत माणूस. म्हणून ती सगळ्यांच्या आधी यायची, आणि नियम पुस्तकात जसा लिहिलाय तसाच पाळायची. मला ते जरा बाळबोध वाटायचं.

फेब्रुवारीत एका सकाळी तिनं मला हाक मारली.

"सिल्वान, हे जरा बघता का? खातं दोन दिवस थांबवून ठेवलंय मी. एकाहत्तर वर्षांचे गृहस्थ आहेत, तुमच्याच बेटावरचे."

"मग?"

"रोज साडेदहा ते अकरा खेळतात. मग एकदम अडीचनंतर. मधे काही नाही. शनिवार-रविवार दिवसभर."

"निवृत्त माणसाला शिस्त असते."

"कार्निव्हलच्या सोमवारी आणि मंगळवारी पण दिवसभर."

"सण आहे. खेळतो माणूस."

"शाळांना सुट्टी होती, सिल्वान." तिनं स्क्रीन खाली सरकवली. "आणि हे बघा, आपल्या चॅटवरच्या मदतनीसाला काय लिहिलंय. 'ब्रो, चाक अडकलंय, मेलो मी.' पुढे तीन कवट्या. एकाहत्तर वर्षांचा माणूस कवट्या पाठवतो?"

"त्या वयात कवटीचाच विचार येत असणार."

ती हसली नाही. मी वाकून नाव वाचलं, आणि मीच हसलो. नाझ्झारेनो ग्रिश्ती. म्हणजे आमचे सुरमास्त! माझ्या नाशार गावच्या बँडचे मास्तर. मी नऊ वर्षांचा असताना त्यांनी माझ्या हातात वाजवायला कॉर्नेट दिला होता, आणि दोन वर्षांनी, गावाच्या भल्यासाठी, हळूच काढून घेतला होता. माझ्या लग्नात ते वाजवायला होते, वडिलांच्या अंत्ययात्रेतही. खातं उघडताना काढलेला फोटोही त्यांचाच होता. तोच चेहरा, तीच मिशी.

"अगं, हे आमचे सुरमास्त. मी ओळखतो यांना."

"नियम आहे व्हिडिओ फोन करायचा. ओळखपत्र गालाशी धरायला सांगायचं."

"सुरमास्तना? गालाशी?"

आमच्याकडे अनोळखी माणसाला 'तू कुणाचा?' असं विचारतात. आडनाव ऐकतात, मग घराण्याचं टोपणनाव, आणि तिसऱ्या प्रश्नाला कुठलातरी आतेभाऊ सापडतोच. पण ओळखीच्या माणसाला 'तू तोच कशावरून?' असं विचारणं म्हणजे त्याच्या घरात बुटांसकट शिरण्यासारखं. हे तिला कसं समजावणार?

"मी करते ना फोन," तियाना म्हणाली. "मला ते ओळखत नाहीत. मला काही वाटणार नाही."

"तुला नाही वाटणार. संध्याकाळपर्यंत सगळ्या नाशारला कळेल की सिल्वानच्या ऑफिसातल्या बाईनं सुरमास्तकडे पुरावा मागितला. सरक."

ती उठली. मी तिच्या खुर्चीत बसलो. असं प्रकरण मिटवताना चार पर्यायांपैकी एक निवडावा लागतो: कागद पाहिले, फोन करून खात्री केली, वर पाठवलं, खातं बंद केलं. 'बँडमधले आहेत' असा पर्याय नव्हता. सॉफ्टवेअर स्टॉकहोमचं, तिकडे लोक एकमेकांना ओळखत नसावेत. मी दुसरा पर्याय निवडला.

"पण फोन केला नाही आपण," ती मागून म्हणाली.

"तू फार मनाला लावून घेतेस."

नोंदीखाली नाव आपोआप उमटतं. ज्याच्या नावानं स्क्रीन उघडलेली असेल त्याचं. मी ते वाचलं, 'तियाना पेशिच', आणि चहा प्यायला गेलो.

जूनमध्ये ग्रात्सिएल्ला ग्रिश्तीचा मेल आला. ही सुरमास्तची लेक. एक प्रत आम्हाला, एक प्रत सरकारी प्राधिकरणाला. तिची मुलगी एलेनिया, वय पंधरा, चार महिने आजोबांच्या नावानं आमच्याकडे खेळत होती. मधल्या सुट्टीत शाळेच्या संडासात, आणि शाळा सुटल्यावर आजोबांच्या स्वयंपाकघरात. सुरमास्तना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचा फोन नातीच्याच ताब्यात असायचा. खातं उघडताना तिनं त्यांना सांगितलं होतं, नान्नू, इकडे बघ, आता डावीकडे, आता हस. त्यांना वाटलं, फोटो काढतेय पोर. ते हसले. पोरीनं क्लॅरिनेट विकली तेव्हा घरात कळलं. क्लॅरिनेट आजोबांनीच दिली होती.

सोमवारी सातव्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत बैठक झाली. आमचा मुख्य हेन्निंग स्वीडनचा. त्याचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नाही. माणसाला नोकरीवरून काढताना तर तो आणखी खाली येतो.

"बारा फेब्रुवारीला फोन करून खात्री केली, अशी नोंद आहे," तो म्हणाला. "फोनच्या यादीत तो फोन नाही. तियाना, नोंद तुमच्या नावावर आहे."

"मी फोन केला नव्हता."

"मग नोंद का केली?"

"मी केली नाही. सिल्वान होते तिथे. त्यांना विचारा."

हेन्निंग माझ्याकडे वळला. तियानानं माझ्याकडे पाहिलं नाही. ती समोरच्या भिंतीवरच्या कासवाकडे बघत होती, निवांतपणे, कारण उत्तर तिला माहीत होतं.

"सिल्वान? ही नोंद कुणी केली?"

मी पाणी प्यायलो. डोक्यात फार काही नव्हतं. घराचा हप्ता नव्हता, बायको नव्हती, देव नव्हता. फक्त एवढंच होतं की आत्ता या खोलीत मी चांगला माणूस आहे, आणि एका वाक्यानंतर नसेन.

"मी त्या टेबलाशी बऱ्याचदा असतो," मी म्हणालो. "नेमकं आठवून सांगतो."

तियानानं तेव्हा माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. ओळखीच्या दुकानदारानं वजनात मारल्यावर गिऱ्हाईक एकदा तराजूकडे आणि एकदा त्याच्याकडे बघतं, तसं.

"गुरुवारी कुटुंब येतंय," हेन्निंग म्हणाला. "तोवर आठवा. नाहीतर मला नोंदीप्रमाणे जावं लागेल. तियाना, याचा अर्थ तुम्हाला कळतो ना?"

"कळतो," ती म्हणाली. "परवाना माझ्या पर्समध्येच असतो."

दुपारी त्यानं कुटुंबाला उत्तर पाठवलं. मसुदा मी तपासला. त्यात एक वाक्य होतं: 'आमच्या नोंदीनुसार बारा फेब्रुवारी रोजी खातेदाराशी फोनवरून संपर्क साधण्यात आला होता.' वाक्यात खोटं काही नव्हतं. नोंद तेच सांगत होती. मी एक स्वल्पविराम दुरुस्त केला.

मंगळवारी तियाना कॉफीच्या मशीनपाशी भेटली.

"आठवलं?"

"बघतोय."

"मदत करू? तुम्ही निळा शर्ट घातला होता. 'सरक' म्हणालात. मी सरकले."

"तियाना, थोडा वेळ दे. हे नीट मांडायला हवं."

"मांडा ना. तीन शब्द आहेत. 'मी केलं ते.' तुमच्या भाषेत किती आहेत?"

मी म्हणालो की मला एक फोन करायचाय. फोन कुणालाच करायचा नव्हता. जिन्यात जाऊन मी पाच मिनिटं फोन कानाला लावून उभा राहिलो, आणि दोनदा 'हो हो' म्हणालो.

बुधवारी संध्याकाळी मी बँड क्लबात गेलो. नाही गेलो असतो तर विचारणा झाली असती. सुरमास्त बारच्या कोपऱ्यात काचेच्या पेल्यातला चहा घेऊन बसले होते. मला बघून उठायला लागले. एकाहत्तर वर्षांचा माणूस माझ्यासाठी उठत होता!

"बसा, बसा, सुरमास्त."

"सिल्वान, पोरा, तुला मान खाली घालायला लावली मी. तुझ्या कंपनीत माझ्या घरानं असली घाण केली."

"तुमचा काय दोष?"

"दोष नाही कसा? तुमच्या लोकांनी फोन केला होता म्हणे. बारा तारखेला. पत्रात लिहिलंय तसं. आणि मला काही म्हणजे काही आठवत नाही!" त्यांनी आवाज खाली आणला. "ग्रात्सिएल्लानं आज डॉक्टरणीकडे नेलं. मेंदूच्या. तिनं कागदावर घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटं. मी काढलं. तीन आणि चार एकाच ठिकाणी आले."

"घाबरलं की होतं तसं."

"घाबरलो नव्हतो रे. चष्मा नव्हता. आणि चष्मा नाही हे तिला सांगायचं राहिलं. म्हणजे बघ आता." ते हसायला गेले, पण मिशीच तेवढी हलली. "माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी निरोप विसरायची. मग मला विसरली. शेवटची चार वर्षं मला पाववाला समजायची. रोज विचारायची, आज दोनच का दिलेस?"

बारवाल्यानं मला न विचारता चहा आणून ठेवला. बाजूच्या खोलीत पोरं सनईसारखं काहीतरी किंचाळत सराव करत होती, आणि सुरमास्त सवयीनं बोटांनी ताल देत होते. एकही ठोका चुकत नव्हता.

"पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणी आहे," ते म्हणाले. "तोवर बँडकडे जायचं नाही, असं ठरवलंय मी. मधेच विसरलो तर पोरांची फजिती. तुला काय वाटतं? तू शिकलेला आहेस."

हा माणूस मला विचारत होता की त्यानं आपला बँड सोडावा का. उत्तर माझ्याकडे होतं. ते दिलं तर त्याचं डोकं ठिकाणावर येणार होतं, आणि तियानाचा परवानाही वाचणार होता.

"डॉक्टर सांगतील तसं करा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या चहाचे पैसे दिले.

गुरुवारी ते सगळे आले. सुरमास्त सणाच्या काळ्या सुटात, ग्रात्सिएल्ला, आणि एलेनिया शाळेच्या गणवेशात. पोरीच्या नखांवरचा रंग अर्धा खरवडलेला होता. तियाना टेबलाच्या टोकाला बसली होती. तिच्यासमोर वही नव्हती, पेन नव्हतं, काहीच नव्हतं. हेन्निंगच्या फोल्डरमधून एका पत्राचं टोक बाहेर आलं होतं. त्यावर तिचं नाव मला उलटंही वाचता आलं.

हेन्निंगनं सहानुभूतीचे दोन परिच्छेद म्हटले. मग सुरमास्त उभे राहिले.

"माझ्या नावावर लिहा साहेब. तुमच्या माणसानं फोन केला, मी उचलला असेन, हो म्हणालो असेन. माझं आता असंच होतंय. या बाईंना काही करू नका."

"नान्नू, पुरे," एलेनिया म्हणाली.

"तू गप्प बस, बाळा."

"फोन आलाच नाही, नान्नू! फोन माझ्याकडे असायचा. मी वाट बघत होते."

"कशाची?" हेन्निंगनं विचारलं.

"तुमचीच." तिनं नाक पुसलं. "नियमांत लिहिलंय ना, संशय आला तर आम्ही फोन करू. मी वाचलंय ते, सगळं. फेब्रुवारीत तुम्ही खातं थांबवलं. मला वाटलं, झालं, आता फोन येणार. मी ठरवलं होतं, आला की उचलायचा आणि काही बोलायचं नाही. चेहरा दिसू द्यायचा, बस. मग सगळं संपलं असतं. आईला कळलं असतं, ओरडा बसला असता, आणि संपलं असतं. दोन दिवस फोन मांडीवर घेऊन बसले मी. शाळेत पण. तिसऱ्या दिवशी उघडून बघितलं तर ते कासव नाचत होतं. 'पुन्हा स्वागत, नाझ्झारेनो!'"

आमचे नियम शेवटपर्यंत वाचलेली ती माझ्या माहितीतली पहिली व्यक्ती. हेन्निंगनं फोल्डर उघडलं.

"ती नोंद मी केली," मी म्हणालो. "तियानाच्या खुर्चीत बसून. तिनं संशय कळवला होता. फोन करते म्हणाली होती. मी तिला उठवलं, आणि फोन केल्याची खोटी नोंद केली. तिच्या नावावर."

हेन्निंगनं फोल्डर मिटलं. "हे आठवायला तीन दिवस लागले?"

"नाही. आठवत होतंच."

"हे सोमवारी कळलं असतं तर बरं झालं असतं," तो म्हणाला, इतक्या हळू की मला पुढे वाकावं लागलं.

सुरमास्त अजून उभेच होते. "म्हणजे फोन आला नव्हता?"

"नाही, सुरमास्त."

"मग माझं डोकं?"

"ठीक आहे. तुमचं डोकं अगदी ठीक आहे."

मी शिव्यांची वाट बघत होतो. माझी तयारी होती, किंबहुना मला त्या हव्या होत्या. पण ते टेबलाला वळसा घालून आले, दोन्ही हातांत माझं तोंड धरलं आणि दोन्ही गालांचे मुके घेतले. "ग्रात्सिएल्ला, ऐकलंस? आलाच नव्हता! विसरायला काही नव्हतंच मुळी!" त्यांचे डोळे भरून आले होते. "देव तुझं भलं करो, पोरा. दोन रात्री झोपलो नाही मी."

ग्रात्सिएल्लानं तोंड फिरवलं. तिला हिशेब कळला होता: काल क्लबात मी त्यांच्यासमोर बसून चहा प्यायलो होतो. एलेनिया माझ्याकडे टक लावून बघत होती.

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं? मी आहे म्हणून?"

"तियानाला कळलं होतं."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"मी तुझ्या आजोबांना ओळखतो."

ती पुढचं वाक्य यायची वाट बघत राहिली. ते नव्हतं.

नंतरचं सगळं रीतसर झालं. प्राधिकरणाला खरा अहवाल गेला. एलेनिया एका समुपदेशक बाईंकडे जाऊ लागली. माझं प्रमुखपद गेलं आणि मी 'वरिष्ठ सल्लागार' झालो. म्हणजे माझा सल्ला आता कुणी विचारत नाही. कंपनीनं प्रामाणिकपणाच्या संस्कृतीवर एक पत्रक काढलं. त्यात नाव न घेता माझं कौतुक होतं. सुरमास्त सप्टेंबरच्या सणात बँडच्या पुढे चालले, आणि मला बघून भर रस्त्यात छडी उंच केली. मी शेजाऱ्याच्या मागे सरकलो.

तियानाला मी त्या गुरुवारीच गाठलं होतं. ती लिफ्टची वाट बघत होती.

"मला माफ कर," मी म्हणालो. "उशीर झाला."

"तीन दिवस."

"हो."

"सोमवारी रात्री मी आईला फोन केला. म्हटलं, बहुतेक परत येतेय. तिनं माझ्या खोलीतली शिवणयंत्रं बाहेर काढली. दोन आहेत, ती त्यावरच पोट भरते. यंत्रं आता जिन्यात ठेवलीत. मंगळवारी तिनं भिंत रंगवली, पिवळी." लिफ्ट आली. "आता मी तिला सांगणार की नाही येत. तिला वाटेल, मीच बदलले."

"मी बोलू का त्यांच्याशी?"

"काय सांगणार? 'तुमच्या मुलीला ओळखतो' म्हणून?" ती आत गेली. "आणि सिल्वान, ते तुम्ही त्या पोरीसाठी बोललात. ती रडली म्हणून. मी रडले नव्हते, एवढंच."

मी म्हणालो, तसं नाही. दार बंद होत होतं. तसंच होतं.

ती अजून त्याच टेबलाशी काम करते, आता विभाग तीच बघते. कधी कधी मला एखादा कागद घेऊन तिच्याकडे जावं लागतं. माझी पावलं ऐकू आली की ती आधी स्क्रीन बंद करते, मग मान वर करते, आणि म्हणते, "सुप्रभात, सिल्वान." आवाज नेहमी छान असतो. मी कागद टेबलावर ठेवतो आणि जमेल तितक्या लांब उभा राहतो.